वारा पडेपर्यंत

काकांना आपल्या गाडीत बसवायचं म्हणजे एक परीक्षाच असायची. ते पट्टा लावायचे, "रेडिओ बंद कर" म्हणायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. फ्रीवेवर गाडीने वेग घेतला की त्यांची मान थोडी डावीकडे कलायची, मग उजवीकडे. आपण श्वास रोखून चालवत राहायचं. मग डोळे न उघडताच निकाल यायचा. "मागचं डावं दार. वरच्या कोपऱ्यात रबर नीट बसलेलं नाही. किती दिवस अशी चालवते आहेस?" तोवर आपल्याला काहीही ऐकू आलेलं नसायचं. त्यानंतर मात्र ती बारीक शिट्टी कानातून जायची नाही. अमेरिकेत घेतलेली माझी पहिली जुनी गाडी मी निव्वळ त्या शिट्टीपायी विकली.

तो त्यांचा धंदाच होता. मिशिगनमध्ये, नोव्हायला, मोटारींच्या दारांना लागणारी रबरं बनवणाऱ्या एका कंपनीत ते वाऱ्याच्या आवाजावर काम करायचे. चालत्या गाडीत वारा कुठून घुसतो, कुठे गुणगुणतो, कुठे फडफडतो ते शोधायचं आणि त्याचं तोंड बंद करायचं. मी नागपूरची. इथे मास्टर्स करून त्यांच्या हाताखाली लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला, "ऑफिसात सगळ्यांसारखी नावाने हाक मार. पार्किंग लॉटमध्ये काका म्हटलंस तरी चालेल." मला वडिलांच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारणं कधी जमलंच नाही. ऑफिसात मी 'एक्सक्यूज मी'वर वेळ मारून न्यायची आणि पार्किंग लॉटची वाट बघायची.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी काका गेले. झोपेत, हृदय बंद पडून. नोव्हायच्या जुन्या लोकांमध्ये त्यांचा विषय निघाला की अजून सगळे लोकरीपासून सुरुवात करतात. बोगद्यात मोठा पंखा लावून गाडीवर वारा सोडतात तेव्हा गाडीच्या अंगावर लोकरीचे बोटभर तुकडे चिकटवायचे, म्हणजे वारा कुठून कसा वाहतो ते डोळ्यांना दिसतं. काकांनी हा प्रकार घरी आणला होता. काकूंना विणकामाचा नाद, त्यामुळे कच्चा माल हाताशी होता. काकू एखाद्या बाळासाठी टोपडं विणायला बसल्या की गुंडा मधेच संपायचा, आणि मग पत्रपेटीवर, गॅरेजच्या छपरावर, बर्फ काढायच्या फावड्यावर पिवळे-गुलाबी तुकडे थरथरताना दिसायचे. "माझ्या लोकरीचे स्वेटर वारा घालतो," काकू म्हणायच्या. त्या गावातल्या लायब्ररीत काम करायच्या आणि आवाज न चढवता बोलायची त्यांना सवय होती. त्यांचे विनोद कळायला दोन घोट चहा पोटात जावा लागे.

तिथल्या मराठी मंडळाच्या उन्हाळी पिकनिकची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. तळ्याकाठी मोठा मांडव उभारला होता, खाली श्रीखंड-पुरीची पानं मांडली होती. काका आले, मांडवाच्या चारही खांबांना लोकर लावली, पाच मिनिटं तोंड वर करून उभे राहिले आणि म्हणाले, "उतरवा." अध्यक्ष हात जोडून म्हणाले, "काका, पान हलत नाहीये." काका म्हणाले, "आत्ता नाही हलत." त्यांच्या आवाजात असं काही होतं की माणसांनी खरोखर मांडव उतरवला. जुलैच्या उन्हात सगळे जेवले. श्रीखंड पातळ होऊन पुरीवरून ओघळत होतं, लोक डोक्यावर कागदी ताटल्या धरून बसले होते, आणि संध्याकाळी आवरून घरी जाईपर्यंत एक झुळूक आली नाही. पुढे कितीतरी वर्षं मंडळात कुणी पंखा लावला तरी "काका, उतरवायचं का?" असं विचारून हसायचे. काकाही हसायचे. पण त्या सोमवारी पार्किंग लॉटमध्ये त्यांनी मला थांबवलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "येऊ शकला असता."

हे त्यांचं लाडकं वाक्य होतं. येऊ शकला असता.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घर विकलं आणि मोठ्या बसएवढी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेतली. मागे एक छोटी गाडी बांधायची आणि सगळा देश बघायचा, असा बेत. मी तोवर लग्न करून कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला आले होते. काकांची एकुलती एक मुलगी केतकी शेजारच्या सांता क्लारात चिप डिझाइनचं काम करायची, तिच्याशी माझी मैत्री होती. "आई कशी तयार झाली मला कळतच नाही," केतकी म्हणायची. मी एकदा काकूंनाच विचारलं. "अगं, ह्यांची विचारायची एक पद्धत आहे," त्या म्हणाल्या. "आधी गाडी दाखवायला नेलं. मग आत बसवलं. मग खिडकीतून दिसणारं झाड दाखवलं. मग म्हणाले, काय वाटतं तुला? आता झाड चांगलंच होतं की."

ज्यांनी आरव्ही आतून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. चालताना ती एक अरुंद बोळ असते. मुक्कामाला थांबलं की बटण दाबायचं, मग भिंतीचा एक मोठा तुकडा, त्याच्यावरच्या सोफ्यासकट, टेबलासकट, कपाटाच्या खणासारखा बाहेर सरकतो आणि बोळाची खोली होते. त्याला स्लाइड-आउट म्हणतात. बाहेर आलेल्या त्या भागाच्या डोक्यावर एक कापड ताणलेलं असतं, छोटंसं ऑनिंग. पानं, पाणी, बर्फ फटीतून आत जाऊ नये म्हणून. स्लाइड बाहेर गेली की ते स्प्रिंगच्या नळीवरून आपोआप उलगडतं, आत आली की गुंडाळलं जातं. ते वेगळं मिटता येत नाही. वारा आला की ते फुगतं, आपटतं, आणि कापड वाचवायचं असेल तर सगळी खोलीच आत घ्यावी लागते.

पहिल्याच प्रवासात कॅन्ससच्या मैदानात ते कापड फाटलं. रात्रभर पाऊस आत आला, गादी भिजली. गादी वाळली, कापड नवीन बसलं, पण काकांच्या मनातून ते गेलं नाही. फोनवर मला म्हणाले, "आयुष्यभर वाऱ्याचा आवाज बंद करायचा पगार घेतला मी. आणि माझ्याच छपरावर त्याने टाळ्या वाजवल्या."

त्यानंतर त्यांचं सगळं डोकं त्या कापडाच्या मागे लागलं. छतावर गरगर फिरणाऱ्या वाट्या बसवल्या, वाऱ्याचा वेग आत पडद्यावर दिसायचा. कापडाखाली हवा भरलेल्या लांब उशा सरकवल्या, म्हणजे ते फुगून आपटणार नाही. चालताना आडवा वारा लागून गुंडाळी सुटू नये म्हणून नळीला पट्टे शिवून घेतले. नवीन जागी पोचलं की आधी लोकर लावायची, वाऱ्याकडे तोंड करून गाडी उभी करायची, त्यासाठी तीन-तीनदा मागेपुढे करायची. मग शेजाऱ्यांना समोर तळं दिसायचं आणि ह्यांना कचऱ्याचे डबे. स्लाइड आत घ्यायच्या आधी शिडीवर चढून कापडावरची पानं झाडूने झाडायची, नाहीतर ती गुंडाळीत जाऊन कापडाला भोकं पाडतात. यात चुकीचं काहीच नव्हतं. आरव्हीवाले त्यांना दुरून ओळखायचे, सल्ला विचारायला यायचे, आणि ते सांगतील ते करायचे. फक्त ते लोक एकदा करून खुर्ची टाकून बसायचे. काका बसायचे नाहीत.

पहिल्या उन्हाळ्यात ते इकडे आले तेव्हा काकूंनी आम्हाला थालीपिठाला बोलावलं. मी आणि माझा नवरा सोफ्यावर बसलो होतो, काकू समोर तव्यापाशी. काका पडद्याकडे बघत होते. एकदम उठले आणि म्हणाले, "आत घेतोय."

काकूंनी तव्याखालची आच बारीक केली, पिठाची परात डोक्यावरच्या कपाटात सरकवली आणि आम्हाला म्हणाल्या, "पाय वर घ्या." मोटर घरघरली. आम्ही सोफ्यावर बसल्या बसल्या स्वयंपाकघराकडे सरकू लागलो. ओटा जवळ येत येत माझ्या गुडघ्यांपाशी थांबला. काकू ओटा आणि आमच्यामधल्या वीतभर जागेत आडव्या उभ्या होत्या, हातात उलथनं. त्यांनी तशाच अवस्थेत माझ्या नवऱ्याच्या ताटात थालीपीठ वाढलं. "घर जवळ आलं की वाढायला सोपं पडतं," त्या म्हणाल्या. आम्ही हसलो. काका बाहेर शिडीवर होते. थोड्या वेळाने वारा पडला, खोली बाहेर गेली. लोणी आणायला काकू उठल्या तेवढ्यात पुन्हा आत आली. आम्ही निघताना काकू मला सोडायला गाडीपर्यंत आल्या आणि सहज म्हणाल्या, "तुझ्याकडच्या भिंतीला टेकून बसलं तर छान वाटतं गं. ती जागची हलत नाही."

केतकीचं लग्न ठरलं तेव्हा काका-काकू डाकोटाकडे होते. मुलगा ओरेगॉनचा, शांत, उंच. लग्न सनीव्हेलच्या एका बागेत, ओकच्या झाडाखाली, शनिवारी सकाळी, अगदी जवळच्या लोकांत. कन्यादान नको, असं केतकीने आधीच सांगितलं होतं. "मला कुणी कुणाला द्यायचं नाहीये. पण मंगलाष्टकं हवीत. आणि शेवटचं आईने म्हणायचं." काकूंनी ते स्वतः रचलं होतं. फोनवर मला म्हणून दाखवायच्या, एक शब्द वृत्तात बसत नव्हता म्हणून आठवडाभर अस्वस्थ होत्या. तो बसला तेव्हा भाजी घेत असताना मला फोन केला.

ते चार दिवस हातात ठेवून निघाले होते. वायोमिंगमध्ये वाऱ्याने गाठलं. त्या बाजूला वारा इतका असतो की हायवेवर पाट्या लागतात, उंच आणि हलक्या गाड्यांना बंदी. काकांनी गाडी एका आरव्ही पार्कात घेतली, स्लाइड आत घेतल्या, नळ्यांना पट्टे आवळले. एक दिवस गेला. दुसरा गेला. त्यानंतरची, गुरुवारची सकाळ उजाडली तेव्हा काकूंनी त्यांना विचारलं. हे सगळं काकूंनीच मला नंतर, केतकीच्या ओट्यापाशी उभं राहून सांगितलं.

"म्हटलं, बंदी मोठ्या गाड्यांना आहे. मागची छोटी गाडी जाऊ शकते ना? डेन्व्हरचा विमानतळ काही लांब नाही. मला सोडता का? किंवा दोघंही जाऊ, ही राहू दे इथे."

"मग?"

"म्हणाले, हिला एकटीला सोडून? या वाऱ्यात? मग पडद्याकडे बघून म्हणाले, दुपारपर्यंत पडेल."

दुपारी पडला नाही. संध्याकाळी काकूंनी पुन्हा विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "आता पहाटे नक्की. अंदाज बघ, इथे लिहिलंय." शुक्रवारी पहाटे वारा वाढला होता.

शनिवारी सकाळी ओकच्या झाडाखाली पान हलत नव्हतं. मी फोन धरून उभी होते. पडद्यावर काकू दिसत होत्या. त्यांनी नारायणपेठ नेसली होती, नथ घातली होती आणि त्या बोळात, बंद स्लाइडच्या आणि ओट्याच्या मधे अंग चोरून उभ्या होत्या. काका दिसत नव्हते. सिग्नल यावा म्हणून ते फोन खिडकीच्या वर उंच धरून उभे असावेत, कारण चित्राच्या कोपऱ्यात पूर्ण वेळ त्यांचा अंगठा होता. मागे एकसारखी घरघर ऐकू येत होती, जशी नळाला पाणी यायच्या आधी येते.

माझ्या नवऱ्याने आधीची सगळी मंगलाष्टकं म्हटली. मी फोन केतकीच्या तोंडासमोर धरला. काकूंनी सुरुवात केली. त्यांचा आवाज बारीक पण सुरेल होता. पहिली ओळ पूर्ण आली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर चित्र थांबलं. काकूंचं तोंड उघडं, डोळे मिटलेले. आम्ही सगळे मुठीत अक्षता धरून उभे. केतकी पडद्याकडे बघत होती. नवऱ्या मुलाची आजी व्हीलचेअरवर होती, तिने हळूच विचारलं, "Is that it?" कुणीतरी खोकलं. थोडं थांबून माझ्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, केतकीकडे पाहिलं, तिने मान हलवली, आणि त्याने 'शुभमंगल सावधान' म्हटलं. अक्षता पडल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच चित्र हललं, आवाज आला. काकू चौथ्या ओळीवर होत्या. डोळे मिटून गात होत्या. त्यांनी शेवटपर्यंत म्हटलं, मग डोळे उघडले आणि विचारलं, "आलं का नीट?"

"आलं, आई," केतकी म्हणाली.

वारा रविवारी पडला. निघाल्यावर थोड्याच अंतरावर हायवेच्या कडेला एक आरव्ही आडवी पडलेली दिसली, चाकं रस्त्याकडे, छपरावरचं कापड कुंपणाला अडकून लोंबणारं. बंदी न जुमानता कुणीतरी काढली होती. काकांनी वेग कमी केला. "बघितलंस?" ते म्हणाले. काकूंनी बघितलं. 

ते सांता क्लारात पोचले तेव्हा मी केतकीकडेच होते. काका दारात उभे राहिले, आत येईनात. "अगं, तिथे एक गाडी पलटी झाली होती," ते म्हणाले. "फोटो आहे माझ्याकडे."

"It's okay, Baba," केतकी म्हणाली. "Weather is weather. या ना आत." ती चिडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती चिडली नाही. तिने त्यांना पाणी दिलं, लग्नातली मिठाई दिली, फोटो बघितला, "ओह वॉव" म्हणाली. तेवढ्या वेळात काकूंनी आरव्हीतून आपली एक बॅग आणली आणि आतल्या खोलीत ठेवली. "मी थोडे दिवस इथे राहते," त्या म्हणाल्या. काकांनी विचारलं, किती. काकू म्हणाल्या, "बघू."

थोडे दिवस संपले नाहीत. भांडण झालं नाही, कुणी कुणाला काही बोललं नाही. काका वारा नसलेली जागा शोधत फिरायला लागले. ॲरिझोनाच्या वाळवंटात गेले, तिथे धुळीची वावटळ आली. ओरेगॉनच्या जंगलात गेले, तिथे काड्या पडून कापडाला टाचणीएवढं भोक पडलं. दर रविवारी मला फोन यायचा. आधी वाऱ्याची हकीकत, मग त्या कापडाची, मग माझ्या गाडीची. फोन ठेवायच्या जरा आधी विचारायचे, "तिकडे सगळे बरे आहेत ना?" 'सगळे' म्हणजे काकू. मी सांगायची, लायब्ररीत व्हॉलंटियर करतात, टोपडी विणतात. "लोकर पुरते का तिला?" त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, आता पुरते. मग माझ्या लक्षात आलं की मी काय बोलून गेले.

मी दोघांनाही म्हणून बघितलं. काकूंना म्हटलं, एकदा फोन करा. त्या म्हणाल्या, "काय बोलू? वारा कसा आहे विचारू?" काकांना म्हटलं, आरव्ही विका, इथे एखादं अपार्टमेंट घ्या. ते म्हणाले, "विकायची तर नीट करून विकायला हवी." मग ती कशी नीट करणार आहेत ते सांगत राहिले.

गेल्या वर्षी वसंतात, काका जायच्या सहा-सात महिने आधी, ते गिलरॉयच्या पुढच्या एका आरव्ही पार्कात येऊन राहिले. सांता क्लारापासून तासाभराच्या अंतरावर. डोंगर हिरवे होते आणि दुपारी खिंडीतून वारा यायचा, त्यांनी टाळावी अशीच ती जागा होती. हे मी काकूंच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "मेथीच्या जुड्या आणल्यात. भाकरी करते. शनिवारी नेशील मला?"

मी काकांना कळवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा आरव्हीच्या दोन्ही बाजूंच्या स्लाइड बाहेर होत्या. काका दाराशी उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, खूप बारीक झाले होते. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "केस कापा." मग आत गेल्या.

आत खोली होती. सोफा ओट्यापासून लांब, मधे सतरंजी, टेबलाभोवती चार खुर्च्या. चहाचं आधण ठेवलेलं. काकू भिंतीकडच्या बाजूला बसल्या, पाय जमिनीवर ठेवून. आम्ही भाकरी-मेथी खाल्ली. काकांनी केतकीची चौकशी केली, काकूंनी त्यांच्या गुडघ्याची. तेवढ्यात वारा सुरू झाला.

आधी डोक्यावर टिचक्या वाजल्यासारखं झालं. मग कापड फुगून आपटायला लागलं, धप्प, धप्प, जणू छपरावर कुणी सतरंजी झटकतंय. पडद्यावरचा आकडा चढत होता. माझं लक्ष तिकडेच. मी काकांकडे पाहिलं. ते कपात चहा गाळत होते. बशीत थोडा सांडला.

"अहो," काकू जरा मोठ्याने म्हणाल्या, आवाजामुळे मोठ्यानेच बोलावं लागत होतं. "घ्या आत. आम्हाला चालेल."

"राहू दे. तू बस."

"फाटेल."

"फाटू दे."

आम्ही तासभर तसेच बसलो, ओरडून बोलत. काय बोललो ते आठवत नाही. प्रत्येक धप्पला काकांचे खांदे वर जायचे आणि ते मुद्दाम खाली आणायचे, ते मला आठवतं. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. एकदा त्यांनी टेबलावरून हात पुढे केला, मग बशी उचलून मागे घेतला.

उन्हं कलली तसा वारा पडला. एकदम शांत झालं, इतकं की फ्रिजचा आवाज ऐकू आला. काका उठले, बाहेर गेले, शिडी लावून वर चढले. मी खाली शिडी धरून उभी राहिले. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापडावरून हात फिरवला, शिवण बघितली, नळी बघितली. पुन्हा सगळं बघितलं. मग शिडीच्या वरच्या पायरीवर तसेच बसून राहिले.

"काका?" मी म्हटलं.

"काही झालेलं नाही," ते म्हणाले.

"चांगलं झालं ना मग."

"एक टाका उसवलेला नाही." ते डोंगराकडे बघत होते. "इतका वेळ बाहेर होतं. काहीसुद्धा झालं नाही याला."

काकू दारात आल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं. पर्स खांद्याला लावली आणि म्हणाल्या, "चल गं, ट्रॅफिक लागेल." काका खाली उतरले. काकूंनी उरलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधून ओट्यावर ठेवल्याचं सांगितलं. ते "बरं" म्हणाले. आमची गाडी वळेपर्यंत ते हातात झाडू घेऊन उभे होते.

आम्ही फ्रीवेला लागलो. मॉर्गन हिल मागे पडलं तेव्हा काकू म्हणाल्या, "वायोमिंगला आमच्या शेजारी एक बाई होती. मॉन्टानाची. पिकअप घेऊन डेन्व्हरच्या विमानतळावर निघाली होती, बहिणीला आणायला. शुक्रवारी सकाळी. मी कपडे धुवायच्या खोलीत तिला लग्नाचं सांगितलं, तर म्हणाली, चल, बस गाडीत, मी सोडते. आत्ता निघतेय."

मी गाडी उजव्या लेनमध्ये घेतली.

"मी आत आले. पर्स घेतली. नारायणपेठ पिशवीत घातली. हे छताकडे कान देऊन उभे होते. चेहरा असा झाला होता ना गं, लहान मुलाचा होतो तसा. सगळे म्हणतात हट्टी आहेत. ते घाबरले होते. मला त्यांना तसं एकटं टाकून जाववलं नाही. बाहेर जाऊन तिला सांगितलं, नको, आम्ही दुपारी निघतोय."

"काकांना माहीत आहे हे?"

"नाही. त्यांना वाटतं, त्यांनी मला अडवलं. मीही तसंच वाटू दिलं. मला राग आला होता. कुणाचा आला होता ते आता मला नीट सांगता येत नाही." त्यांनी खिडकीची काच थोडी खाली केली, पुन्हा वर घेतली. "आज सांगणार होते. तेवढ्यासाठीच आले होते. पण त्या फडफडीत काही बोलता येईना, आणि नंतर ते शिडीवर जाऊन बसले."

"परत जाऊ या का?" मी विचारलं. "पुढच्या एक्झिटला वळवते."

काकूंनी घड्याळ बघितलं. "नको. अंधार होईल, तुला घरी जायचंय. पुढच्या खेपेला सांगेन," त्या म्हणाल्या.